मेनफ्रेम तगला तो स्वस्त इंजिनांवर

मेनफ्रेम विकत घेतला की खर्च संपत नाही, तिथून तो सुरू होतो. झेड/ओएस, डीबी२, सीआयसीएस या सॉफ्टवेअरचं भाडं दरमहा भरावं लागतं आणि ते ठरतं एमएसयू या क्षमतेच्या मापावर. कारखान्याच्या वीजबिलात कमाल मागणीवर आकार लागतो, तसाच हा हिशेब. महिनाभरात चार तासांची सरासरी सगळ्यात वर जिथं गेली, तो आकडा बिलाला धरायचा. एखाद्या रात्रीची बॅच रेंगाळली आणि सकाळच्या ऑनलाइन व्यवहारांवर चढली, तर अख्ख्या महिन्याचं बिल फुगतं. 1997 पासून आयबीएमनं आणलेली खास इंजिनं, म्हणजे ठरावीक कामापुरते राखून ठेवलेले प्रोसेसर, समजून घ्यायची तर आधी हे बिल समजून घ्यायला हवं.

सुरुवात 1997 मध्ये झाली, अनेक मेनफ्रेम एकत्र जोडणाऱ्या कपलिंग फॅसिलिटीसाठी. ते आतलं काम होतं, ॲप्लिकेशनवाल्यांना त्याचा थेट उपयोग नव्हता. खरी वाट 2000 साली आयएफएलनं उघडली. हे इंजिन फक्त लिनक्ससाठी, आणि कितीही बसवली तरी झेड/ओएसच्या बिलात एका एमएसयूचीही भर पडत नव्हती.

मग 2004 मध्ये झॅप आला, जावासाठी. त्या काळी बँकांची नवी ॲप्लिकेशनं जावात लिहिली जात होती आणि मेनफ्रेमवर ती महाग पडत म्हणून बाहेरच्या युनिक्स सर्व्हरवर जात होती. झॅपची यादी-किंमत होती सव्वा लाख डॉलर. मेनफ्रेमच्या जगात ही रक्कम किरकोळच. मुख्य म्हणजे त्यावर चाललेलं जावाचं काम सॉफ्टवेअरच्या भाड्यात मोजलंच जात नसे. चिप मात्र तीच, नेहमीच्या प्रोसेसरची. फरक फक्त मायक्रोकोडचा. ज्या ग्राहकांनी पैसे वाचवायला मंद केलेलं मॉडेल घेतलं होतं, त्यांच्याकडेही झॅप पूर्ण वेगानं धावे. म्हणजे स्वस्त इंजिन महागड्यापेक्षा जलद!

2006 मध्ये आलेला झिप मला या सगळ्यांत जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो थेट डीबी२ पर्यंत पोचला. बाहेरच्या जावा सर्व्हरवरून डीआरडीए या डेटाबेस प्रोटोकॉलनं, टीसीपी/आयपीवरून एखादी क्वेरी येते, तेव्हा डीबी२ तिच्यासाठी एन्क्लेव्ह, म्हणजे कामाचा स्वतंत्र हिशेब, उघडतो आणि ते काम एसआरबी या हलक्या प्रकारात चालवतो. डिस्पॅचर त्यातला ठरलेला हिस्सा झिपवर ढकलतो, उरलेला नेहमीच्या प्रोसेसरवर. प्रोग्रॅमला याचा पत्ताही नसतो, एक ओळ बदलावी लागत नाही. तीच क्वेरी मेनफ्रेमवरच्याच कोबॉल प्रोग्रॅमनं केली, तर सगळी नेहमीच्या टास्कखाली, म्हणजे टीसीबीखाली चालते आणि पूर्ण बिलात येते. डेटा तोच, एसक्यूएल तेच, पण दाराप्रमाणे दर वेगळा.

हे दार रुंद करायचा प्रयत्न टेक्सासच्या निऑन एंटरप्राइझ सॉफ्टवेअरनं केला. त्यांचं 2009 चं झेडप्राइम नेहमीचं काम, अगदी कोबॉलसुद्धा, झिप आणि झॅपवर चालवू लागलं. ग्राहकांच्या परवान्यात याला मनाई नाही, असं निऑनचं म्हणणं होतं. ग्राहकांना करार मोडायला लावलं जातंय, असं आयबीएमचं. प्रकरण कोर्टात गेलं, 2011 मध्ये तडजोड झाली आणि झेडप्राइम बाजारातून गेलं. कोणतं काम स्वस्त होणार हे तंत्रज्ञान ठरवत नाही, विक्रेता ठरवतो, हे त्या दोन वर्षांत इतकं लख्ख दिसलं की पुढं कुणाला शंका उरली नाही.

नंतरचा प्रवास सरळ आहे. 2009 पासून झॅपचं काम झिपवर चालवता येऊ लागलं. एका नेहमीच्या प्रोसेसरमागे एकच झिप हे बंधन 2013 मध्ये दोनवर गेलं. 2015 च्या झेड13 मध्ये झॅप बंद झाला आणि झिपवर एका वेळी दोन थ्रेड चालू लागले. 2019 मध्ये झेड/ओएसवरच लिनक्स कंटेनर आले, त्यांचंही बरंच काम झिपकडे गेलं.

माझं मत स्पष्ट आहे. आयबीएमनं नव्या कामाचा दर उतरवला, जुन्याचा नाही, कारण जुन्याला जायला दुसरी जागा नव्हती. कोबॉल आजही पूर्ण दरानं चालतं. तरी या इंजिनांमुळे जावा आणि डीबी२ मेनफ्रेमवर टिकले आणि परदेशी बँकांच्या त्या सिस्टिम्स सांभाळणाऱ्या पुण्या-मुंबईतल्या कितीतरी टीमचं कामही टिकलं.

त्या टीममधल्या मित्रमैत्रिणींना एक विनंती. आरएमएफ या कामगिरी मोजणाऱ्या साधनाच्या वर्कलोड रिपोर्टमध्ये आयआयपीसीपी हा आकडा दर आठवड्याला बघा. झिपवर जाऊ शकलं असतं, पण झिप मोकळा नव्हता म्हणून महागड्या प्रोसेसरवर चाललं, असं काम तिथं दिसतं. ते सहसा नेमकं गर्दीच्या वेळी, म्हणजे सरासरी चढत असतानाच सांडतं. असं सांडू देणारी आयआयपीऑनरप्रायॉरिटी ही सेटिंग बंद करून ते थोपवायला जाऊ नका, डीबी२ च्या प्रीफेचला, म्हणजे डेटा आगाऊ वाचून ठेवण्याच्या कामाला, ताटकळून चालत नाही. तो आकडा सतत वर राहत असेल, तर आणखी एक झिप मागा आणि मागणीसोबत बिल जोडा.