असल, नक्कल आणि रुजुवात

पोथ्यांचीं व दप्तरांचीं पानें छायाचित्रित करून संगणकांत ठेवण्याचा प्रघात आतां बहुतेक संग्राहकांत पडला आहे. त्या छायाचित्रांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवरही असते. पण ती डिस्क बहुधा त्याच कपाटांत, मूळ पोथीच्या शेजारीं ठेवलेली आढळते! १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्याच्या नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें, त्या पाण्यानें असल कोणती व नक्कल कोणती असा भेद केला नाहीं. नक्कल ठेवावयाची तर ती परगांवीं असली पाहिजे, आणि संग्रह नित्य वाढत असल्यास ती वाढही तेथें नित्य पोंचली पाहिजे. हें काम इंटरनेटवरून कसें करावें, व त्यांत आमच्यासारख्यांची फसगत कोठें होते, एवढ्यापुरतेंच हें टिपण आहे.

प्रथम आकारमानाचा हिशेब करूं. १२ इंच लांब व ५ इंच रुंद अशा पोथीच्या पानाची एक बाजू इंचास ६०० ठिपके या प्रमाणानें घेतली, तर २ कोटी १६ लक्ष ठिपके होतात. रंगाकरितां प्रत्येक ठिपक्यास ३ बाइट धरले म्हणजे न दाबलेली टिफ फाईल सुमारें ६५ एमबींची होते. २०० पानांची पोथी दोन्ही बाजूंनीं घेतां २६ जीबी, आणि अशा १०० पोथ्या २·६ टीबी. जोडणीचा जाणारा वेग सेकंदास २० मेगाबिट असल्यास सेकंदाला अडीच एमबी जातात. त्या हिशेबानें एका पोथीस सुमारें तीन तास, आणि शंभर पोथ्यांस अखंड बारा अहोरात्र लागतील. उलट, सेकंदास १०० एमबी लिहिणाऱ्या डिस्कवर तोच संग्रह सात-आठ तासांत उतरतो व आगगाडीनें दुसऱ्या दिवशीं नागपुरास पोंचतो. सबब पहिली नक्कल विश्वासू माणसाच्या हातींच धाडावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. इंटरनेटचें काम त्यापुढचें.

पुढें मात्र दर खेपेस सर्व संग्रह नव्यानें धाडणें म्हणजे एका ओळीची दुरुस्ती झाली म्हणून अवघी पोथी पुन्हां लिहून काढण्यासारखें आहे. हा खटाटोप टाळण्याची युक्ति ऑस्ट्रेलियांतील ॲण्ड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनीं १९९६ सालीं आरसिंक या नांवाच्या आज्ञावलीच्या रूपानें प्रसिद्ध केली. ती फुकट मिळते व आजही सर्वत्र वापरांत आहे.

तिची रीत अशी. प्रथम ती दोन्हीकडील फाईलींचें नांव, आकार व शेवटच्या बदलाची वेळ ताडून पाहते. तिन्ही जुळलीं तर ती फाईल सोडून देते. न जुळल्यास खरी चतुराई सुरू होते. जुनी प्रत नागपुरास व सुधारलेली प्रत पुण्यास आहे असें समजूं. नागपूरचा संगणक आपल्या जुन्या प्रतीचे सारख्या लांबीचे तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्याच्या दोन बेरजा काढतो, एक हलकी व दुसरी भक्कम, आणि केवळ त्या बेरजांची यादी पुण्यास धाडतो. पुण्याचा संगणक आपल्या प्रतीवर तेवढ्याच लांबीची खिडकी ठेवून हलकी बेरीज यादीशीं ताडतो. जुळली तर भक्कम बेरजेनें खातरी करून घेतो आणि मजकुराऐवजीं फक्त तुकड्याचा क्रमांक कळवितो. न जुळल्यास खिडकी एका बाइटानें पुढें सरकवितो. हलकी बेरीज अशी योजिली आहे कीं, सरकतांना मागें सुटलेला बाइट वजा करून पुढचा मिळविला कीं नवी बेरीज तयार होते. सगळा तुकडा पुन्हां मोजावा लागत नाहीं. त्यामुळें पहिल्याच पानावर चार अक्षरें नवीं घातलीं आणि पुढील सर्व मजकूर तेवढा सरकला, तरी जुने तुकडे ओळखूं येतात, व वाटेवर जातात तीं तेवढीं चार अक्षरें आणि त्यांच्या आजूबाजूचा थोडा भाग. एकाच संगणकांतील दोन डिस्कांमध्यें मात्र ही आज्ञावली आपण होऊन फाईल सबंधच उतरते. कारण तेथें धाडणें स्वस्त, वाचणें महाग.

यांतून संग्राहकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. हा सर्व लाभ न दाबलेल्या मजकुरास मिळतो. पुष्कळांस संबंध संग्रहाचें एकच दाबलेलें गांठोडें बांधण्याची आवड असते. घट्ट दाबलेल्या अखंड फाईलींत आरंभीं थोडा फरक पडला कीं पुढचे बाइट बहुधा सर्वच पालटतात, आणि ९० जीबींचें गांठोडें दर खेपेस सगळें जातें. पानांच्या फाईली सुट्या ठेवाव्या; एकदां घेतलेलें छायाचित्र सहसा बदलत नाहीं, म्हणून ते वेळ व आकार पाहूनच वगळले जाते. सूचीची मोठी फाईल किंवा न दाबलेलें टार यांस मात्र तुकड्यांची युक्ति उत्तम लागू पडते.

आमची फजिती झाली ती निराळ्याच कारणानें. रुमालांचे क्रमांक नव्यानें लावण्याची हौस आम्हांस फार. एका संध्याकाळीं आम्ही कांहीं फोल्डरांचीं नांवें बदललीं, आणि दुसऱ्या दिवशीं पाहतों तों सगळीं पानें पुन्हां रवाना होत होतीं. आरसिंक नांवावरून फाईल ओळखते. नांव बदललें कीं तिच्या लेखीं ती नवी. तेव्हांपासून क्रमांक बदलल्यास परगांवच्या प्रतींतही तोच बदल आधीं करवून मग पाठवणी करितों.

वीज गेली तर काय? नेहमींच्या रीतींत अर्धवट आलेली फाईल टाकून दिली जाते, व ८० जीबी उतरल्यावर खंड पडला तरी पुन्हां शून्यापासून आरंभ होतो. ‘पार्शल’ हा पर्याय दिल्यास अर्धा भाग जपून ठेवला जातो. ‘इनप्लेस’ नांवाचा दुसरा पर्याय जुन्या फाईलीवरच लिहितो. जागा वांचते, परंतु मध्यें खंड पडल्यास जुनी प्रत मोडलेली व नवी अपुरी, अशी स्थिति होते. जागा असल्यास त्याच्या वाटेस जाऊं नये.

‘डिलीट’ या पर्यायाविषयीं तर अधिकच सावध असावें. येथें पुसलें कीं तेथेंही पुसलें जातें. डिसेंबर २०२१ मध्यें जपानांतील क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावरील सुमारें ७७ टीबी फाईली बॅकअपच्याच आज्ञावलींतील दोषानें पुसल्या गेल्या. जुन्या नोंदी काढून टाकणारी ती आज्ञावली चालू असतांनाच बदलण्यांत आली होती. म्हणून आधीं ‘ड्राय-रन’नें रंगीत तालीम करावी आणि काय पुसलें जाणार ती यादी डोळ्यांखालून घालावी. त्याहून बरें म्हणजे दर महिन्याची प्रत निराळ्या तारखेच्या फोल्डरांत ठेवावी. ‘लिंक-डेस्ट’ हा पर्याय वापरल्यास न बदललेल्या फाईलींस दुसऱ्यांदा जागा लागत नाहीं.

एवढें झालें तरी नक्कल बरहुकूम आहे कीं नाहीं हा प्रश्न उरतोच. आरसिंक ज्या फाईली धाडते त्यांची पोंचतांना रुजुवात करते, हें खरें. परंतु डिस्कवर पडून असलेल्या फाईलींतील एखादा बाइट कालांतरानें बिघडला, तर आकार तोच, वेळही तीच, आणि वरवरच्या तपासणींत ती निर्दोष ठरते. ‘चेकसम’ पर्यायानें दोन्ही प्रती पूर्ण वाचून ताडतां येतात. पण दोहोंत फरक निघाल्यास बिघडली कोणती, हें त्यानें कळत नाहीं. याकरितां छायाचित्र घेतल्या दिवशींच प्रत्येक फाईलीची शा-२५६ मुद्रा काढून यादी करावी. बॅगइट या नांवाचा, २०१८ सालीं आरएफसी म्हणून प्रसिद्ध झालेला सांचा याच कामाचा आहे. त्यांत फाईलींबरोबर त्यांच्या मुद्रांची यादीही जाते. वर्षांतून एकदां दोन्ही गांवीं त्या यादीशीं रुजुवात करावी.

आणि त्या यादीचीही मुद्रा काढतां येते. ती अवघी ६४ अक्षरांची, एका ओळीची असते. आम्ही ती शाईनें कागदावर उतरून, तारीख घालून, मूळ पोथीच्या बासनांत ठेवतों.