ताबोरचा प्रकाश : पौर्वात्य ख्रिस्ती उपासनेतील दर्शन आणि रूपांतर

ग्रीस, रशिया, सर्बिया, रुमानिया, बल्गेरिया या देशांत रुजलेल्या आणि कॉन्स्टँटिनोपलच्या बायझंटाइन परंपरेत वाढलेल्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपासनेत एक श्रद्धा सतत जाणवते. ती अशी, की ईश्वराचा प्रकाश ही काव्यातली उपमा नसून माणसाला त्याचे खरोखर दर्शन घडू शकते, आणि ज्याला ते घडते तो मनाने, बुद्धीने व देहानेही पालटत जातो. या श्रद्धेभोवती सण, गायन, चित्रकला, साधनेची पद्धती आणि चौदाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलला हादरवून टाकणारा एक तात्त्विक वादही उभा राहिला. ख्रिस्ती धर्माची ओळख प्रामुख्याने रोमन कॅथलिक व प्रॉटेस्टंट मिशनांमधून झालेल्या मराठी वाचकाला ही बाजू फारशी परिचित नसते, आणि म्हणूनच ती थोड्या विस्ताराने मांडणे अगत्याचे आहे.

या श्रद्धेचा उगम मत्तय, मार्क व लूक या तिन्ही शुभवर्तमानांत आलेल्या एका प्रसंगात आहे. येशू आपल्या बारा शिष्यांपैकी पेत्र, याकोब आणि योहान या तिघांनाच बरोबर घेऊन एका डोंगरावर जातो. तेथे त्याचा चेहरा सूर्यासारखा तेजस्वी होतो, वस्त्रे लखलखू लागतात, आणि यहुदी परंपरेतील दोन थोर पुरुष, नियमशास्त्र देणारा मोशे व संदेष्टा एलीया, त्याच्याशी बोलताना दिसतात. गोंधळलेला पेत्र येशू, मोशे व एलीया या तिघांसाठी तीन मंडप उभारण्याची भाषा करतो, तोच ढग त्यांच्यावर उतरतो, ढगातून वाणी होते आणि शिष्य भयभीत होतात. शुभवर्तमानांत डोंगराचे नाव नाही. पण चौथ्या शतकापासून गालील प्रांतातील सुमारे 575 मीटर उंचीचा ताबोर पर्वत हेच ते स्थान मानले जाऊ लागले, आणि पुढे ‘ताबोरचा प्रकाश’ हा शब्दप्रयोग धर्मशास्त्रात स्थिरावला.

या प्रसंगात नेमके कोण पालटले, हा ग्रीक धर्माचार्यांना पडलेला प्रश्न होता, आणि त्यांनी दिलेले उत्तर या साऱ्या परंपरेचा कणा ठरले. सातव्या शतकातील मॅक्सिमस आणि आठव्या शतकातील दमास्कसचा योहान यांच्या मते येशूला त्या क्षणी काही नवे प्राप्त झाले नाही. जे तेज त्याच्या ठायी नित्य होते तेच शिष्यांना दिसले, कारण त्यांची दृष्टी उघडली गेली. रूपांतर ख्रिस्ताचे म्हटले जात असले, तरी पालट घडला तो पाहणाऱ्यांच्या इंद्रियांत. एवढे मान्य केले की उपासनेचा हेतूही स्पष्ट होतो : प्रकाश आधीपासून आहेच, तो पाहू शकेल असा माणूस मात्र घडवावा लागतो.

सिनाई पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या सेंट कॅथरीन मठात हा विचार चित्ररूपाने पाहायला मिळतो. सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात बांधवलेल्या या मठाच्या चर्चमध्ये वेदीमागील अर्धघुमटावर रंगीत काचखड्यांचे म्हणजे मोझाइकचे एक भव्य चित्र आहे. सोनेरी पार्श्वभूमीवर पांढऱ्या वस्त्रांतील ख्रिस्त निळ्या छटांच्या लंबगोल प्रभामंडलात उभा आहे आणि त्याच्या देहातून निघालेले किरण भोवतीच्या आकृतींपर्यंत पोहोचतात. दोन्ही बाजूंना एलीया व मोशे आहेत. खाली पेत्र जमिनीवर पालथा पडला आहे, तर योहान व याकोब गुडघ्यांवर आले आहेत. चित्रकाराने डोंगर जवळजवळ वगळला आहे, आणि ते उचितच वाटते. कारण मठ ज्या पर्वताच्या कुशीत आहे तेथेच मोशेला जळणाऱ्या झुडपातून देवाची हाक आली अशी परंपरा आहे, आणि अर्धघुमटाच्या वरच्या भिंतीवर तोच मोशे झुडपापुढे पादत्राण सोडताना व नियमशास्त्र स्वीकारताना दाखवला आहे. ज्या मोशेला सिनाईवर देवाचे मुख पाहता आले नाही, तोच खालच्या चित्रात तेजोमय मुखासमोर उभा आहे. चर्चच्या बांधणीतच धर्मशास्त्र इतक्या नेमकेपणाने गुंफल्याची उदाहरणे थोडीच सापडतील.

दैनंदिन उपासनेत प्रकाशाचा हा विचार सूर्यास्तापासून सुरू होतो, कारण बायझंटाइन परंपरेत धार्मिक दिवस संध्याकाळी उजाडतो. सांजप्रार्थनेत दिवे लागण्याच्या वेळी ‘फोस हिलारोन’ हे ख्रिस्ताला आनंदमय प्रकाश म्हणून संबोधणारे स्तोत्र गातात. चौथ्या शतकातील बिशप बॅसिल यांनी त्याचा उल्लेख करताना त्याचा कर्ता ठाऊक नाही इतके ते जुने असल्याचे नोंदवले आहे. बाप्तिस्मा या प्रवेशसंस्काराला आरंभीच्या शतकांत ‘प्रकाशन’ असेही नाव होते, आणि त्याची तयारी करणाऱ्यांना प्रकाशित होऊ घातलेले लोक म्हणत. त्या काळाची एक खूण आजही टिकून आहे. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात आठवड्याच्या मधल्या दिवसांत आधीच पवित्र केलेल्या भाकरीने जी उपासना होते, तिच्यात शास्त्रवाचनाच्या मध्येच धर्मगुरू पेटती मेणबत्ती व धूपदान हाती घेऊन लोकांकडे वळतो आणि ख्रिस्ताचा प्रकाश सर्वांना उजळतो अशा अर्थाची घोषणा करतो, तेव्हा सारे उपासक गुडघे टेकून मस्तक जमिनीला लावतात.

ईस्टरच्या मध्यरात्री हीच कृती सबंध गावाची होते. चर्चमधील सर्व दिवे मालवले जातात, गर्भगृहाच्या दारातून धर्मगुरू एकच पेटती मेणबत्ती घेऊन बाहेर येतो आणि लोकांना प्रकाश घेण्यासाठी बोलावतो. एकाच्या वातीवरून दुसऱ्याची वात पेटत काही मिनिटांत चर्च आणि बाहेरचे अंगण उजळून जाते. ग्रीसमध्ये ही ज्योत विझू न देता घरी नेण्याची रीत आहे, आणि घरात शिरण्यापूर्वी तिच्या काजळीने दाराच्या वरच्या चौकटीवर क्रूस काढतात. धर्मशास्त्राचा एकही ग्रंथ न वाचलेल्या घरातही त्याचे सार असे काजळीच्या रेघेने पोहोचते.

ताबोरच्या प्रसंगाचा स्वतंत्र सण 6 ऑगस्टला येतो. जुने ज्युलियन पंचांग पाळणारी रशियन व सर्बियन चर्चे तो आजच्या गणनेप्रमाणे 19 ऑगस्टला साजरा करतात. 14 सप्टेंबरला येणाऱ्या क्रूसाच्या सणाआधी सुमारे चाळीस दिवसांवर तो ठेवलेला आहे, कारण हे दर्शन क्रूसावरील मृत्यूच्या चाळीस दिवस आधी घडले अशी परंपरा आहे. सणाच्या गीतांतही हा धागा येतो : शिष्यांनी आपल्या कुवतीइतके तेज पाहिले, ते अशासाठी की पुढे गुरूला क्रूसावर पाहताना त्याने ते दुःख स्वेच्छेने पत्करले आहे हे त्यांनी ओळखावे. या दिवशी उपासनेनंतर हंगामातील पहिली द्राक्षे आशीर्वादित करून वाटली जातात. बहुतेक भागात द्राक्षे न पिकणाऱ्या रशियात त्यांची जागा सफरचंदांनी घेतली आणि लोकांच्या तोंडी सणाचे नावच सफरचंदांवरून पडले. फळांचा हा आशीर्वाद म्हणजे वरवरची लोकरूढी नव्हे. रूपांतर माणसापाशी न थांबता सृष्टीलाही कवेत घेते, हाच त्याचा अर्थ आहे.

सामूहिक उपासनेला समांतर अशी एक एकांतसाधनाही मठांत वाढली. तिचे नाव ‘हेसिखिया’, म्हणजे अंतर्बाह्य शांतता, आणि तिचे साधक ते हेसिकास्ट. येशू ख्रिस्ताला देवाचा पुत्र म्हणून संबोधून स्वतःसारख्या पाप्यासाठी दया मागणारे एक छोटे वाक्य श्वासाच्या लयीत अखंड म्हणत राहणे, हे तिचे मुख्य अंग. तेराव्या शतकापासून तिच्या लेखी मार्गदर्शनात बुटक्या बैठकीवर वाकून बसणे, हनुवटी छातीला टेकवणे, श्वास मंद करणे आणि मन हृदयस्थानी उतरवणे अशा शारीरिक सूचनाही मिळतात. वारकरी नामस्मरणाची सवय असलेल्या मराठी वाचकाला येथे जवळीक वाटणे स्वाभाविक आहे. तरी ही प्रार्थना पश्चात्ताप, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन यांच्या चौकटीबाहेर काढून पाहिली तर तिचा अर्थच बदलतो, ही जाणीव त्या परंपरेचे आचार्य वारंवार करून देतात. अशा प्रार्थनेत काही साधकांना प्रकाशाचे दर्शन घडे आणि तो ताबोरवरचाच प्रकाश होय असे ते सांगत.

दक्षिण इटलीतील कालाब्रियाहून कॉन्स्टँटिनोपलला आलेला विद्वान भिक्षू बार्लाम याला हा दावा मान्य होणे शक्य नव्हते. देव सर्वथा अज्ञेय आहे, तेव्हा डोळ्यांना दिसणारा कोणताही प्रकाश निर्मित वस्तूच असला पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद होता. वाकून बसणाऱ्या साधकांना त्याने ‘आत्मा बेंबीत मानणारे’ म्हणून हिणवले. त्याला उत्तर दिले ते ग्रीसमधील मठांसाठी प्रसिद्ध असलेल्या एथॉस पर्वतावरील भिक्षू ग्रेगरी पालामास याने. 1296 च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलच्या एका प्रतिष्ठित घराण्यात जन्मलेल्या पालामासने तरुणपणीच राजधानी सोडून मठाची वाट धरली होती, आणि 1338 ते 1341 या काळात त्याने हेसिकास्टांच्या समर्थनार्थ तीन-तीन प्रकरणांच्या तीन लेखमाला लिहिल्या.

पालामासच्या उत्तराचे दोन भाग आहेत. पहिला भाग देवाविषयीचा : देवाचे मूळ सत्त्व माणसाला कधीही गवसत नाही, परंतु देव आपल्या कृतिशक्तींतून स्वतःला पूर्णपणे देतो, आणि त्या शक्तीही अनिर्मित, म्हणजे देवच आहेत. सूर्याचे बिंब हाती येत नसले तरी त्याच्या किरणांत सूर्यच लाभतो, हा दाखला त्याने घेतला. त्यामुळे ताबोरचा प्रकाश सत्त्व नव्हे, तसाच निर्मित पदार्थही नव्हे. तो देवाची अनिर्मित कृपा आहे. दुसरा भाग देहाविषयीचा आहे आणि अधिक मोलाचा वाटतो तो हाच. देह म्हणजे आत्म्याचा तुरुंग ही प्राचीन ग्रीक कल्पना पालामासने ठामपणे नाकारली. देवाच्या पुत्राने देह धारण केला असेल, तर देहाला प्रार्थनेतून वगळण्याचा अधिकार कोणत्याही तत्त्वज्ञाला उरत नाही, अशी त्याची भूमिका होती. टिंगल ज्या वाकलेल्या देहाची झाली, तोच देह त्याने कृपेचे पात्र ठरवला.

जून 1341 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफिया चर्चमध्ये भरलेल्या धर्मसभेने बार्लामच्या विरुद्ध निर्णय दिला आणि तो इटलीला परतला. बायझंटाइन साम्राज्यात मात्र त्याच वर्षी यादवी पेटली, तिच्यात पालामासला कारावास भोगावा लागला, आणि 1347 व 1351 च्या सभांनी त्याची शिकवण पक्की केल्यावरच वाद निवळला. थेस्सालोनिकीचा आर्चबिशप झालेला पालामास 1354 मध्ये प्रवासात ऑटोमन तुर्कांच्या हाती सापडला व सुमारे वर्षभर त्यांच्या ताब्यात राहिला. 1359 मध्ये त्याचा मृत्यू झाला आणि 1368 मध्ये त्याला संतपद देण्यात आले.

या प्रकाशाने माणसात घडणाऱ्या रूपांतराच्या अंतिम टप्प्याला ग्रीक परंपरा ‘थिओसिस’, म्हणजे देवाच्या जीवनात सहभागी होणे, असे म्हणते. ही कल्पना अद्वैताच्या अंगाने वाचण्याचा मोह होतो, तो आवरणे बरे. कारण येथे निर्मात्यातील व निर्मितातील भेद कधीही मिटत नाही, व्यक्ती विरघळत नाही आणि जे लाभते ते स्वभावाने नव्हे, कृपेने लाभते. कोरिंथचा मकारियोस व एथॉसचा निकोदिमोस यांनी संपादित केलेला ‘फिलोकालिया’ हा साधनाग्रंथांचा संग्रह 1782 मध्ये व्हेनिसला छापला गेला, 1793 मध्ये त्यातील निवडक ग्रंथांचा स्लाव्होनिक अनुवाद निघाला आणि ही शिकवण रशियाच्या अरण्यांतील मठांपर्यंत पोहोचली. सारोव्हचा साधू सेराफिम आणि त्याचा गृहस्थाश्रमी शिष्य, जमीनदार मोतोविलोव्ह यांचा 1831 च्या हिवाळ्यातला संवाद तेथे विशेष प्रसिद्ध आहे. तो शिष्याच्या टिपणांवरून 1903 मध्ये छापला गेला. बर्फ पडत असताना गुरूचा चेहरा सूर्यासारखा झळाळताना पाहून शिष्य घाबरला, तेव्हा गुरूने त्याला सांगितले की तूही या क्षणी असाच उजळला आहेस, एरवी तुला हे दिसलेच नसते. मॅक्सिमसने या संवादाच्या बाराशे वर्षांपूर्वी मांडलेला विचारच येथे एका जमीनदाराच्या अनुभवाच्या रूपाने आलेला आहे.

ताबोरच्या प्रसंगाचा सण भारतात केरळमध्येही आहे. मलंकरा सिरियन ख्रिस्ती समाज 6 ऑगस्टचा दिवस पेत्राच्या मंडपांवरून ‘कूडार पेरुन्नाळ’ म्हणजे मंडपांचा सण म्हणून पाळतो, आणि मुंबई-पुण्यातील त्यांच्या चर्चमध्येही तो साजरा होतो. पालामासच्या काळातील सभांशी मात्र या समाजाचा संबंध नाही, कारण त्याची परंपरा पाचव्या शतकातच वेगळी झाली होती. रोमन चर्चने हा सण सर्वत्र लागू केला तो 1457 मध्ये, पोप तिसरे कॅलिक्स्टस यांच्या काळात, आदल्या वर्षीच्या बेलग्रेडच्या विजयाचे स्मरण म्हणून. शिवाय कॅथलिक चर्चमध्ये उपवासकाळाच्या दुसऱ्या रविवारी ताबोरचाच प्रसंग वाचला जातो, आणि म्हणून वसईच्या मराठी उपासनेतही तो दरवर्षी ऐकू येतो. ऑर्थोडॉक्स चर्चने ग्रेगरी पालामासच्या स्मरणासाठी नेमलेला दिवसही उपवासकाळाचा दुसरा रविवारच आहे. दोन्हींकडची ईस्टर ठरवण्याची गणना निराळी असल्याने हे दोन रविवार एरवी बहुधा वेगळे पडतात. 2025 साली मात्र ईस्टर एकाच दिवशी आल्यामुळे ते 16 मार्चला एकत्र आले होते.