हवेचे प्रदूषण आणि स्थलांतर : शहर निवडण्याची मुभा नेमकी कोणाला?

बंगळुरू : रोजगारासाठी गाव सोडणारा माणूस शहर निवडताना मिळणारे वेतन, घरभाडे आणि तेथे ओळखीचे कोणी आहे का, याचा विचार करतो. या हिशेबात हवेच्या गुणवत्तेलाही स्थान आहे का, हा प्रश्न अर्थतज्ज्ञ अभ्यासत आहेत. देशभरातून माणसे येत असलेल्या बंगळुरूसाठी तो विशेष महत्त्वाचा आहे.

तुलनेने बरी, तरीही सुरक्षित नाही

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर वसले आहे. उत्तरेकडील मैदानी प्रदेशात हिवाळ्यात थंड हवा धूर जमिनीलगत कोंडून ठेवते आणि त्यात पिकांचे खुंट जाळल्याचा धूर मिसळतो. बंगळुरूत तशी स्थिती दीर्घकाळ राहत नाही. त्यामुळे येथील हवा दिल्लीच्या तुलनेत बरीच बरी मानली जाते.

मात्र ‘बरी’ म्हणजे ‘सुरक्षित’ नव्हे. पीएम २.५ या अतिसूक्ष्म कणांसाठी भारताचे वार्षिक मानक प्रति घनमीटर ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा ५ मायक्रोग्रॅमवर आणली. बंगळुरूची अलीकडची सरासरी राष्ट्रीय मानकाच्या आत असली, तरी आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या कित्येक पट आहे. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीतही या शहराचा समावेश आहे. नोंदणीकृत वाहनांची एक कोटीहून अधिक संख्या, बांधकामे, रस्त्यांवरील धूळ आणि उघड्यावर जाळला जाणारा कचरा ही त्यामागची प्रमुख कारणे आहेत.

अभ्यास काय सांगतात?

अर्थशास्त्रातील प्रचलित मांडणीनुसार शहराची हवा खराब असेल, तर तेथे माणसे टिकवण्यासाठी वेतन जास्त किंवा घरभाडे कमी असावे लागते. चीनमधील स्थलांतरावरील संशोधनातून असे आढळले की, प्रदूषण वाढलेल्या भागांतून लोक बाहेर पडतात आणि त्यांत उच्चशिक्षित, नुकतीच नोकरी सुरू केलेल्या तरुणांचे प्रमाण अधिक असते. कुशल मनुष्यबळ निघून गेल्याने त्या शहरांच्या उत्पादकतेलाही फटका बसतो.

बंगळुरूची अर्थव्यवस्था अशाच मनुष्यबळावर उभी आहे. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील अभियंत्याला पुणे, हैदराबाद किंवा चेन्नई असे पर्याय उपलब्ध असतात. शहराच्या आतही तो झाडीचा परिसर निवडू शकतो, हवा शुद्ध करणारे यंत्र घेऊ शकतो, प्रसंगी घरून काम करू शकतो.

निवड नसलेले स्थलांतरित

रायचूर, यादगीर, कलबुर्गी या जिल्ह्यांतून किंवा बिहार, ओडिशा, पश्चिम बंगालमधून येणाऱ्या बांधकाम मजुरांची स्थिती वेगळी आहे. त्यांचे राहण्याचे ठिकाण बहुधा मुकादम ठरवतो. कामाच्या जागेलगतची पत्र्याची खोली हेच घर असते. गावी पाऊस न झाल्यास शहरातील मजुरी हाच आधार उरतो. अशा वेळी आज हाताला काम न मिळण्याची भीती काही वर्षांनी होऊ शकणाऱ्या श्वसनविकारापेक्षा मोठी ठरते.

दुहेरी अन्याय असा की, हाच वर्ग सर्वाधिक प्रदूषित हवा श्वासात घेतो. बांधकाम मजूर, वाहतूक पोलीस, फेरीवाले आणि घरपोच सेवा देणारे दुचाकीस्वार दिवसभर धूळ आणि धुरात वावरतात. रस्त्याकडेच्या हवेतील कणांचे प्रमाण शहराच्या सरासरीहून बरेच अधिक असू शकते. आजारपणामुळे मजुरी बुडाली की अनेकांना गावी परतावे लागते. मात्र त्या परतण्यामागे हवा होती, हे कोठेही नोंदले जात नाही.

नोंदीतील उणीव

२०११ च्या जनगणनेत स्थलांतराची कारणे रोजगार, व्यवसाय, शिक्षण, विवाह, जन्मानंतरचे स्थलांतर, कुटुंबासोबतचे स्थलांतर आणि इतर अशी नोंदवली गेली. पर्यावरणाचा स्वतंत्र रकाना नव्हता. त्यामुळे हवेमुळे किती जणांनी शहर सोडले वा टाळले, हे त्या आकडेवारीतून कळू शकत नाही.

पुढील नमुना सर्वेक्षणांत हा प्रश्न विचारणे, मजुरांच्या वस्त्यांजवळ हवा मोजणे आणि बांधकामस्थळी धूळ रोखण्याचे नियम काटेकोरपणे राबवणे, हे उपाय तातडीने करता येण्याजोगे आहेत. ज्यांना शहर सोडता येते, त्यांच्या जाण्याची चिंता धोरणकर्त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु शहराच्या हवेचा खरा कस लागतो, तो ज्यांना ते सोडणे परवडत नाही त्यांच्या आरोग्यावर.