‘डिडन्ट नो’नंतर ‘वेअर’ का येतं?

रजेवर असेल असं वाटलेली सहकारी अचानक ऑफिसात समोर आली की आपल्या तोंडून सहज निघतं : ‘आय डिडन्ट न्यू यू आर हिअर.’ तिला अर्थ कळतो, पण एवढ्याशा वाक्यात दोन चुका आहेत. हवं होतं : ‘आय डिडन्ट नो यू वेअर हिअर.’ यातल्या ‘न्यू’चं ‘नो’ आपण पाठांतराने करतो. ‘आर’च्या जागी ‘वेअर’ मात्र बऱ्याच जणांना शेवटपर्यंत पटत नाही, कारण ती बाई तर समोर उभी आहे! नकारार्थी क्रियापद आणि त्याच्यामागून येणारा भूतकाळ या जोडीबद्दलचे काही पक्के गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज १ : गोष्ट भूतकाळातली, म्हणून ‘डिडन्ट’नंतरही भूतकाळी रूप हवं.

वस्तुस्थिती : इंग्रजीत एका उपवाक्यातला भूतकाळ एकदाच दाखवला जातो आणि ते काम ‘डिड’ने आधीच उरकलेलं असतं. पुढे मूळ रूप पुरतं : ‘डिडन्ट गो’, ‘डिडन्ट नो’. आपली गफलत होते ती मराठीच्या सवयीमुळे. ‘तो गेला’चं नकारार्थी ‘तो गेला नाही’. आपल्याकडे ‘गेला’ जागचं हलत नाही, शेवटी ‘नाही’ जोडलं की झालं. तोच साचा इंग्रजीत ‘ही डिडन्ट वेन्ट’ होऊन बसतो.

खुद्द इंग्रजीतही ही रचना पहिल्यापासून नव्हती. पूर्वी ‘आय न्यू नॉट’ असंच म्हणत. ‘डू-डिड’ची मदत घेण्याची पद्धत साधारण १५०० ते १७०० या काळात रुळली. स्वीडिश अभ्यासक अल्वार एलेगोर्ड यांनी १९५३ मध्ये या बदलाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला.

नियम पाठ झाला की उलटी चूकही होते. ‘आय डिडन्ट नो ही वेन्ट होम’ हे वाक्य अगदी बरोबर आहे, तरी काही जण ‘वेन्ट’ पाहून दचकतात आणि त्याचं ‘गो’ करतात. ‘डिडन्ट’चा अंमल ‘नो’पुरताच चालतो. ‘वेन्ट’ पुढच्या उपवाक्यातलं असल्यामुळे त्याचा काळ त्याने स्वतःच दाखवायचा असतो.

गैरसमज २ : ‘यू वेअर हिअर’ म्हणजे तू इथे होतीस, आता नाहीस.

वस्तुस्थिती : इथला भूतकाळ गोष्ट संपल्याची खूण नाही. मराठीत आपण म्हणतो, ‘तू इथे आहेस हे मला माहीतच नव्हतं.’ नकळतेपण मागे पडलं, तरी ‘आहेस’ हा वर्तमान तसाच राहतो. मनातली गोष्ट त्या वेळी जशी होती तशीच आपण मांडतो. इंग्रजी बोलणारा मात्र सगळं आपल्या ‘आत्ता’पासून मोजतो. माहीत नसण्याची वेळ मागे गेली, की त्या वेळी जे काही चालू होतं तेही त्याच्यासोबत मागे सरकतं. म्हणून ‘आर’चं ‘वेअर’ होतं.

भविष्यकाळाचंही तेच. ‘तू येशील असं वाटलं नव्हतं’ यात मराठी ‘येशील’ ठेवते. इंग्रजी ‘विल’ मागे सरकवून म्हणते, ‘आय डिडन्ट थिंक यू वुड कम.’ पाहुणा दारात उभा असतानाही ‘वुड’च येतं. आतली गोष्ट त्याहीआधी घडून गेली असेल आणि हे स्पष्ट करायचं असेल, तर ‘हॅड’ मदतीला येतं : ‘आय डिडन्ट नो ही हॅड लेफ्ट.’ म्हणजे मला पत्ता नव्हता, तेव्हा तो निघून गेलेला होता.

गैरसमज ३ : त्रिकालाबाधित सत्य असेल तर वर्तमानकाळच हवा.

वस्तुस्थिती : शाळेत अप्रत्यक्ष कथन शिकताना ‘युनिव्हर्सल ट्रूथ’चा काळ बदलू नये असं शिकवतात. ही खरं तर सवलत आहे, सक्ती नव्हे. ‘सूर्य हा तारा आहे हे मला माहीत नव्हतं’ यासाठी ‘आय डिडन्ट नो द सन वॉज अ स्टार’ हे रोजच्या इंग्रजीत सर्रास चालतं. ‘इज’ही चुकत नाही. ‘वॉज’ म्हटल्याने सूर्य विझला असा अर्थ कोणी काढत नाही.

गैरसमज ४ : सुरुवातीला नकार आला, म्हणजे आतली गोष्ट खोटी.

वस्तुस्थिती : हे क्रियापदावर अवलंबून आहे. ‘आय डिडन्ट रिअलाइज द शॉप वॉज क्लोज्ड’ : दुकान बंद होतंच, फक्त ते लक्षात आलं नव्हतं. ‘आय डिडन्ट थिंक द शॉप वॉज क्लोज्ड’ : दुकान बंद असेलही, नसेलही. हे वाक्य फक्त बोलणाऱ्याचा अंदाज सांगतं. ‘नो’, ‘रिअलाइज’ यांसारखी क्रियापदं आतली गोष्ट खरी धरूनच चालतात आणि नकाराने ते गृहीतक ढळत नाही. पॉल आणि कॅरोल किपार्स्की यांनी १९७० मध्ये अशा क्रियापदांची नीट मांडणी केली.

गैरसमज ५ : ‘आय डोन्ट थिंक ही केम’ हे तर्काला सोडून आहे.

वस्तुस्थिती : आक्षेप असा, की विचार तर मी करतोच आहे, मग नकार ‘थिंक’ला का? ‘आय थिंक ही डिडन्ट कम’ म्हणायला हवं. तेही चूक नाही, पण बोलताना पहिलंच अधिक सहज येतं. पुढच्या वाक्यातला नकार मुख्य क्रियापदाकडे ओढला जाण्याची ही प्रवृत्ती डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी १९१७ मध्येच नोंदवली होती. मराठीही तेच करते : ‘तो आला असेल असं मला वाटत नाही.’ वाटणं चालू असतं, नकार त्याच्या येण्याला असतो.

मात्र ही मुभा ‘थिंक’, ‘बिलीव्ह’, ‘सपोज’ अशा मोजक्या क्रियापदांना आहे. ‘होप’ला नाही. कोणाला ताटकळत ठेवल्यावर ‘आय होप यू डिडन्ट वेट लाँग’ म्हणायचं, ‘आय डोन्ट होप’ नव्हे. ‘नो’लाही ती नाही. ‘तो आला नाही हे मला माहीत आहे’ आणि ‘तो आला हे मला माहीत नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मग आधी काय सुधारावं? ‘डिडन्ट न्यू’ कानाला लगेच खटकतं, प्रमाण इंग्रजीत त्याला कुठेच माफी नाही. ते आधी घालवावं. ‘डिडन्ट नो यू आर हिअर’ त्या मानाने सौम्य आहे, आपल्याकडच्या बोलण्यात ते खपूनही जातं. पण अर्जात, मेलमध्ये किंवा मुलाखतीत ‘वेअर’, ‘वॉज’, ‘वुड’ वापरावं. आणि ते वापरताना समोरची व्यक्ती ‘आता इथे नाही’ असं आपल्याकडून म्हटलं जाईल, ही धास्ती बाळगायचं कारण नाही.