कोठडीतल्या माणसाचे हक्क : न्यायालयाने काय दिले, घरच्यांनी काय मागावे

घरातला माणूस पकडला गेला की घरच्यांची जीभ जड होते. शेजारी काय म्हणतील, मुलींच्या स्थळांचे काय होईल, या काळजीने सारे गप्प बसतात. कुरवंड्यासारख्या गावात त्यात अंतराची भर पडते. खटला वडगाव मावळला आणि माणूस येरवड्याच्या तुरुंगात असेल, तर एका मुलाखतीसाठी आधी लोणावळा गाठायचे, तिथून लोकलने पुणे, पुढे पुन्हा बस किंवा रिक्षा. दिवस जातो आणि त्या दिवसाची मजुरीही. दोन-तीन फेऱ्यांनंतर घर थकते. मग आतल्या माणसाचे हक्क कायद्याच्या पुस्तकात तसेच पडून राहतात.

हे हक्क कोणी मेहेरबानी म्हणून दिलेले नाहीत. ते न्यायालयात भांडून मिळवले गेले आहेत आणि त्यातले काही महत्त्वाचे निकाल आपल्या महाराष्ट्रातूनच गेले आहेत.

एका पत्राची ताकद

मे १९८२मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात १५ महिला कैद्यांशी बोलणे केले. पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाल्याचे त्यांतील ५ जणींनी सांगितले. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. फेब्रुवारी १९८३मध्ये निकाल लागला. महिलांसाठी वेगळ्या कोठड्या असाव्यात आणि तिथे पहारा महिला पोलिसांचा असावा. महिलेची चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीतच व्हावी. अटक होताच आरोपीच्या नातेवाइकाला आणि कायदेशीर मदत समितीला कळवावे. अटक झालेल्याचे हक्क मराठी, हिंदी व इंग्रजीत छापून कोठडीत लावावेत. आरोपी समोर आला की पोलीस कोठडीत छळाची काही तक्रार आहे का, हे दंडाधिकाऱ्याने स्वतः विचारावे.

हा शेवटचा आदेश घरच्यांनी ध्यानात ठेवावा. दंडाधिकाऱ्यापुढे उभे असताना आरोपीला बोलण्याचा हक्क आहे. मार लागला असेल तर तिथेच सांगावे आणि वैद्यकीय तपासणी मागावी.

निकालाची प्रत आणि वकील

दुसरे प्रकरण माधव हयवदनराव होसकोट यांचे. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना १९७३मध्ये शिक्षा दिली, पण सर्वोच्च न्यायालयात ते चार वर्षांहून अधिक उशिरा पोहोचले. तोवर शिक्षा भोगूनही झाली होती. निकालाची प्रत आपल्या हाती वेळेवर आलीच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९७८मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी त्यांचा अर्ज फेटाळला, मात्र पुढच्या प्रत्येक कैद्यासाठी नियम घालून दिला : निकालाची प्रत कैद्याला विनामूल्य आणि वेळेत मिळाली पाहिजे, ती मिळाल्याची लेखी पोच घेतली पाहिजे, अपिलासाठी तुरुंगाने सोय केली पाहिजे आणि वकील करण्याची ऐपत नसेल तर तो न्यायालयाने दिला पाहिजे.

पुढे १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कोठडीतल्या प्रत्येक व्यक्तीला मोफत वकिलाचा हक्क दिला. महिलांना तर उत्पन्न कितीही असले तरी तो मिळतो.

जामीन मिळाला, तरी सुटका नाही

गरीब घरांचे खरे दुखणे इथे आहे. जामिनाचा हुकूम होतो, पण ऐपतदार जामीनदार सापडत नाही. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश या १९७८च्या प्रकरणात एका गवंड्याकडे १०,००० रुपयांचा जामीन मागितला गेला. भाऊ जामीन राहायला तयार होता, पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याला नाकारले. सर्वोच्च न्यायालयाने हे चूक ठरवले. कुरवंडे पुणे जिल्ह्यात आणि घाट उतरला की रायगड. सोयरीक दोन्हीकडे असलेल्यांना हा निकाल किती कामाचा आहे, हे वेगळे सांगायला नको.

जानेवारी २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी बजावले. जामिनाचा हुकूम त्याच किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंगामार्फत कैद्यापर्यंत पोहोचावा. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर अटी सैल करण्याचा विचार न्यायालय स्वतःहून करू शकते.

दिवस मोजा

२०२२च्या अखेरीस देशातील तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसे होती. त्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा अजून सिद्ध न झालेले. त्यांच्या घरच्यांनी दोन हिशेब मांडावेत.

पहिला आरोपपत्राचा. गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र आले नाही, तर जामीन हा हक्क होतो. काही विशेष कायद्यांत ही मुदत अधिक आहे. आरोपपत्र दाखल होण्याआधीच अर्ज करायला मात्र विसरू नये.

दुसरा कैदेचा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९नुसार, पूर्वी कधी शिक्षा न झालेल्या माणसाने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडावे. साध्या चोरीला कमाल ३ वर्षे, म्हणजे एका वर्षानंतर. इतरांसाठी ही मर्यादा निम्मी आहे. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत आणि अनेक खटले चालू असणाऱ्यालाही हा लाभ मिळत नाही. जुन्या खटल्यांनाही हे कलम लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४मध्ये स्पष्ट केले.

गंभीर गुन्ह्यातही दार बंद होत नाही. बनावट नोटांच्या प्रकरणात मुंबईत पकडलेला एक आरोपी चार वर्षांहून अधिक काळ आत होता आणि आरोपसुद्धा निश्चित झाले नव्हते. जुलै २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला. गुन्हा कितीही गंभीर असो, खटला लवकर चालवून घेणे हा आरोपीचा हक्क आहे, असे न्यायालयाने सांगितले.

घरच्यांनी काय करावे?

एक वही करावी. अटकेची तारीख, गुन्हा क्रमांक, कलमे, पोलीस ठाणे आणि प्रत्येक तारखेला काय झाले ते लिहावे. वकील परवडत नसेल तर वडगाव मावळच्या तालुका विधी सेवा समितीकडे किंवा पुण्याच्या जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज द्यावा. १५१०० या क्रमांकावरही मदत मिळते. कैद्याला तुरुंगातूनही असा अर्ज करता येतो. दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्यावी. जामीनदाराचा सातबारा, ऐपतीचा दाखला, ओळखपत्र आधीच तयार ठेवावे.

बाकीच्यांवरही काही जबाबदारी आहे. सूरह अद-दहरमध्ये नेक लोकांची खूण सांगताना मिस्कीन आणि यतीम यांच्या जोडीने कैद्याला जेवू घालण्याचा उल्लेख येतो. त्याचा गुन्हा कोणता, हे तिथे विचारलेले नाही. ज्या घरातला कर्ता माणूस आत आहे, त्या घरातल्या बाईबरोबर तारखेला जाणे, अर्ज लिहून देणे, मुलांच्या शाळेची फी पाहणे, एवढे मोहल्ल्यातल्या कोणालाही जमण्यासारखे आहे. तो दोषी की निर्दोष, हे न्यायालय ठरवील. तोवर त्याचा एकही हक्क केवळ कोणी विचारले नाही म्हणून बुडू नये, एवढे तरी आपण पाहू.