गरीब देशांचा विकास : वाद आणि पहिली पायरी

'विकास' हा शब्द आज सर्वांच्या तोंडी आहे. धरण झाले की विकास, रस्ता झाला की विकास, कारखाना आला की विकास. परंतु गरीब देशाने विकास नेमका कोणत्या मार्गाने साधावा, याविषयी अर्थशास्त्रज्ञांमध्ये गेली पंच्याहत्तर वर्षे वाद चालू आहे. हा वाद केवळ पुस्तकी नाही. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याच्या मुलाबाळांच्या वाट्याला काय येणार, हे या वादात कोणते मत मान्य होते यावर अवलंबून असते. म्हणून आमच्या सभासद बंधुभगिनींना व विशेषतः विद्यार्थ्यांना या वादाची ओळख करून देण्याचा हा अल्पसा प्रयत्न आम्ही करीत आहोत.

चार विचारप्रवाह

दुसऱ्या महायुद्धानंतर आशिया व आफ्रिका खंडांतील अनेक देश स्वतंत्र झाले. त्यांच्यापुढे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ वॉल्ट रोस्टो यांनी १९६० मध्ये एक मार्ग मांडला. प्रत्येक समाज पाच अवस्थांतून जातो, असे त्यांचे म्हणणे होते. राष्ट्रीय उत्पन्नातील गुंतवणुकीचा वाटा पाच टक्क्यांवरून दहा टक्क्यांच्या वर गेला, की विमानाने उड्डाण करावे तशी अर्थव्यवस्था वर उचलली जाते. म्हणजे श्रीमंत देश ज्या वाटेने गेले, त्याच वाटेने गरिबांनी मागाहून जावे.

दुसरा विचार अर्जेंटिनाचे राऊल प्रेबिश यांनी १९४९ मध्येच मांडला होता. वाट एकच नाही, असे ते म्हणाले. गरीब देश कच्चा माल विकतो आणि यंत्रे विकत घेतो. काळाच्या ओघात कच्च्या मालाचे भाव पक्क्या मालाच्या तुलनेत घसरत जातात. म्हणून आयात मालावर जकात बसवून कारखाने आपल्याच देशात काढावेत. लॅटिन अमेरिकेतील अनेक देशांनी हा मार्ग धरला. भारताच्या १९५६ च्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेतही अवजड उद्योगांवर असाच भर होता.

तिसरा विचार कर्जाच्या संकटातून पुढे आला. ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने कर्ज फेडण्यास असमर्थता दर्शविली व पाठोपाठ अनेक देश अडचणीत आले. नवे कर्ज देताना आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक यांनी अटी घातल्या : सरकारी खर्च कमी करा, बाजार खुला करा, सरकारी उद्योग विका. जॉन विल्यमसन यांनी १९८९ मध्ये या धोरणांना 'वॉशिंग्टन सहमती' असे नाव दिले.

चौथा विचार पाकिस्तानचे महबूब उल हक यांच्या पुढाकाराने व अमर्त्य सेन यांच्या साहाय्याने १९९० च्या पहिल्या मानव विकास अहवालात आला. देशाचे उत्पन्न किती वाढले एवढेच पाहू नका. माणूस किती वर्षे जगतो, त्याला लिहितावाचता येते काय, हेही मोजा, असा त्याचा आग्रह आहे.

एक देश, अनेक दावेदार

या चार मतांची परीक्षा घेण्यास दक्षिण कोरियाचे उदाहरण फार उपयोगी आहे. १९५३ मध्ये युद्ध थांबले, तेव्हा तो जगातील अत्यंत गरीब देशांपैकी एक होता. १९६४ मध्ये त्याची वर्षाची निर्यात दहा कोटी डॉलर झाली. केसांचे टोपदेखील त्या काळी तेथून परदेशी जात. १९७७ मध्ये हीच निर्यात एक हजार कोटी डॉलरवर पोहोचली.

हे यश आपल्याच मताचे आहे, असे प्रत्येक पक्ष सांगतो. खुल्या बाजाराचे समर्थक निर्यातीकडे बोट दाखवितात. सरकारी नियोजनाचे समर्थक सांगतात, की १९६१ नंतर बँका सरकारच्या ताब्यात होत्या आणि कर्ज कोणाला द्यायचे हे सरकार ठरवीत असे. पोहांग येथील पोलाद कारखाना किफायतशीर ठरणार नाही, असे मत जागतिक बँकेने दिले होते. तरीही जपानकडून मिळालेल्या भरपाईच्या पैशातून तो उभा राहिला आणि १९७३ मध्ये त्याची भट्टी पेटली.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. परंतु या वादात एक गोष्ट मागे पडते, आणि आमच्या मते तीच मुळाची आहे. कारखान्यांच्या आधी तेथे जमिनीचे वाटप झाले होते. जपानी राजवटीत कोरियातील बहुसंख्य शेतकरी कुळे होती व निम्मे पीक मालकाच्या घरी जात असे. १९४६ मध्ये उत्तर कोरियाने जमीन वाटली, तेव्हा दक्षिणेलाही स्वस्थ बसणे शक्य नव्हते. १९४९-५० च्या कायद्याने जमीनधारणेवर सुमारे तीन हेक्टरांची, म्हणजे साडेसात एकरांची मर्यादा आली. कुळाने एका वर्षाच्या सरासरी पिकाच्या दीडपट किंमत पाच वर्षांत हप्त्याहप्त्याने द्यायची आणि मालक व्हायचे, अशी तरतूद झाली. १९४९ मध्येच प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्यात आले. १९६० च्या सुमारास बहुतेक सर्व मुले प्राथमिक शाळेत जात होती.

त्या लहान तुकड्यांवर शेतकरी श्रीमंत झाला नाही. पण मालकाचा धाक संपला आणि मुलाला शाळेत धाडण्याचे बळ त्याच्या अंगी आले. पुढे कारखाने निघाले, तेव्हा दाराशी उभी राहिलेली पिढी लिहितावाचता येणारी होती.

किंमत कोणी मोजली?

मात्र हे चित्र एकांगी रंगविणे योग्य नव्हे. लष्करी सत्तेखाली कामगारांचा आवाज दडपला गेला. सोलमधील कपडे शिवणाऱ्या कारखान्यांत कोवळ्या मुली दिवसाचे चौदा-चौदा तास राबत. कामगार कायदा पुस्तकात होता, कारखान्यात नव्हता. १३ नोव्हेंबर १९७० रोजी चॉन ते-इल या बावीस वर्षांच्या शिवणकामगाराने, हा कायदा पाळा अशी मागणी करीत स्वतःला पेटवून घेतले. लोकांना मतदानाने राष्ट्राध्यक्ष निवडण्याचा हक्क परत मिळण्यास १९८७ चे जनआंदोलन व्हावे लागले.

आपल्यासाठी बोध

येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अर्थचिंतनाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. भारतातील लहान शेतजमिनींवरील आपल्या १९१८ च्या निबंधात त्यांनी दाखवून दिले, की दोष केवळ तुकड्यांच्या आकाराचा नाही. भांडवल अपुरे आहे आणि शेतीवर रिकाम्या हातांचा भार आहे; तो भार उद्योगांनी उचलला पाहिजे. शेतीतील अतिरिक्त श्रमशक्तीविषयीचा आर्थर लुईस यांचा सुप्रसिद्ध निबंध १९५४ चा, म्हणजे त्यानंतर छत्तीस वर्षांनी आलेला आहे. लुईस यांना १९७९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

१९४७ मध्ये 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात बाबासाहेबांनी कोरियाहून वेगळी वाट सुचविली. जमीन राज्याच्या मालकीची असावी, शेती सामुदायिक पद्धतीने व्हावी, आणि हे सर्व हुकूमशाहीशिवाय, राज्यघटनेतच नमूद करून घडावे. ते घडले नाही. भूमिहीनांना कसण्यास जमीन द्या, ही मागणी घेऊन दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ मध्ये सत्याग्रह करावे लागले. हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. ते विकासाच्या पहिल्या पायरीवरील आपली जागा मागत होते.

तात्पर्य, बाजार की सरकार हा वाद महत्त्वाचा असला तरी तो दुसऱ्या पायरीवरचा आहे. पहिल्या पायरीवर उपजीविकेचे साधन आणि शाळा आहे. ती पायरी ज्यांना मिळाली नाही, त्यांना कारखाना आला तरी फाटकाबाहेरच उभे राहावे लागते. आणि काम करणाऱ्याला आपले म्हणणे मांडता आले नाही, तर वाढलेल्या संपत्तीत त्याचा वाटा ठरविणारे दुसरेच असतात.

आमच्या विद्यार्थ्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास याच दृष्टीने करावा. विकासाचा आकडा कोणी सांगितला, की तो आकडा कोणाच्या घरापर्यंत पोहोचला, हे विचारण्याचे धैर्य व ते तपासून पाहण्याचे ज्ञान त्यांच्यापाशी असावे, हीच आमची अपेक्षा.