तोफांविना फ्रिगेटी

१३ ऑक्टोबर १७७५ रोजी फिलाडेल्फियात जमलेल्या अमेरिकी वसाहतींच्या काँग्रेसने दोन सशस्त्र जहाजं समुद्रात धाडायचा ठराव केला. पदरी ना खजिना, ना सरकारी गोदी. आणि गाठ थेट ब्रिटिश आरमाराशी. तरी दोनच महिन्यांत आणखी १३ फ्रिगेटी, म्हणजे वेगवान युद्धनौका, बांधायचं ठरलं, मुदत मार्च १७७६ पर्यंतची!

अधिकारी नेमले २२ डिसेंबरला. सरखेलपद मिळालं ईसेक हॉपकिन्सला. त्याचा सख्खा भाऊ स्टीफन आरमार समितीतच होता. कप्तानांत ईसेकचा मुलगा होता, आणि समितीतल्या सायलस डीनचा मेहुणा डडली सॉल्टनस्टॉलही. वशिलेबाजी म्हणून इतिहासकार यावर बोट ठेवतात, ते बरोबरच आहे. पण मला वाटतं, तेवढ्यावर थांबलं तर खरी अडचण दिसत नाही. लाकूड, दोर, शिडाचं कापड, सुतार, उधारी हे सगळं बंदरातल्या व्यापारी घराण्यांच्या हाती होतं. सामान मागायला ज्या दारात जायचं, त्याच घरातला माणूस कप्तान म्हणून पुढे यायचा. ऑक्टोबर १७७६ मध्ये २४ कप्तानांची ज्येष्ठतायादी झाली, तेव्हा फ्रिगेटी जिथे बांधल्या तिथली माणसं वर चढली. पहिल्या तुकडीपासून लढणारा जॉन पॉल जोन्स अठरावा लागला. हा अपमान तो आयुष्यभर विसरला नाही, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

लाकडाची ददात नव्हती. अडलं ते तोफांवाचून. न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथला जॉन लँग्डनच्या देखरेखीखाली ‘रॅले’ ६० दिवसांत बांधून मे १७७६ मध्ये पाण्यात उतरली. पुढे वर्षभर ती तोफांची वाट पाहत बंदरात पडून राहिली, आणि ऑगस्ट १७७७ मध्ये अर्ध्यामुर्ध्या तोफांनिशीच फ्रान्सकडे निघाली. भट्ट्या होत्या, पण मोठ्या तोफा ओतायचा हात बसलेला नव्हता.

‘ट्रंबुल’ची कथा आणखी वेगळी. ती बांधली कनेक्टिकट नदीत, आणि नदीच्या मुखाशी वाळूचा बांध! जहाजाचा तळ इतका खोल की ते बाहेरच पडेना. अखेर १७७९ मध्ये दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेली पिंपं ओळीने लावली, त्यांना जोडणारे दोर जहाजाच्या तळाखालून घेतले आणि पंपाने पिंपांतलं पाणी उपसलं. हलकी झालेली पिंपं वर आली, त्यांच्याबरोबर जहाजही उचललं गेलं, आणि ते बांध ओलांडून गेलं. १७७६ मध्ये तयार झालेली फ्रिगेट तीन वर्षांनी समुद्रात!

सामान मिळवायचा दुसरा मार्ग म्हणजे शत्रूचं लुटणं. मार्च १७७६ मध्ये हॉपकिन्सने बहामातल्या नासाऊवर उतरून ८८ तोफा आणल्या. सर्वांत निकडीची होती ती तोफेची दारू, पण तिथल्या गव्हर्नरने १५० हून अधिक पिंपं रातोरात हलवली होती. दारू मग डच सेंट युस्टेशियस बेटावरून आणि फ्रेंच नाटककार बोमार्शेच्या बनावट पेढीमार्फत फ्रान्समधून येऊ लागली. इंग्रजांना शह द्यायची फ्रान्सची उमेद तेवढ्यापुरती नव्हती: १७७७ मध्ये सेंट लुबिन हा फ्रेंच गृहस्थ पुण्यात नाना फडणवीसांशी बोलणी करत होता.

खलाशी मिळवणं तर सर्वांत जड. खासगी मालकांच्या परवानाधारक लढाऊ जहाजांवर लुटीची वाटणी मालक आणि खलाशी यांच्यातच होई. सरकारी जहाजावर सरकारचा वाटा आधी. घरी बायकापोरं असलेला माणूस कुठे जाईल? बरं, ती खासगी जहाजंही बहुधा त्याच व्यापाऱ्यांची.

जोन्सला शेवटी फ्रान्समध्ये जहाज मिळालं ते पूर्वेकडच्या फेऱ्या करून जुनं झालेलं व्यापारी गलबत, ‘बोनोम रिशार’. सप्टेंबर १७७९ मध्ये ब्रिटिश युद्धनौका ‘सेरापिस’शी झुंजताना त्याच्या सर्वांत जड तोफांपैकी दोन सुरुवातीलाच फुटल्या आणि आपलीच माणसं मेली. उरलेल्या जड तोफा त्याने सोडून दिल्या, तरी लढाई जिंकली.

त्या १३ फ्रिगेटींपैकी एकही युद्धाअखेर अमेरिकेकडे उरली नाही. काही शत्रूने धरल्या, काही त्याच्या हाती पडू नयेत म्हणून जाळल्या. ‘रँडॉल्फ’ कप्तान बिडलसह स्फोटात गेली. १७८१ मध्ये काँग्रेसने आरमाराचा सगळा कारभार रॉबर्ट मॉरिस या एकट्या माणसाकडे सोपवला. तोही फिलाडेल्फियाचा व्यापारीच, आणि सरकारी देणी भागवायला त्याने स्वतःच्या सहीच्या हुंड्या काढल्या.